गाडीखालचा काळा डाग

गाडी ‘ह्यांची’ आणि फरशी आपली, असा हिशेब पुष्कळ घरांत असतो. त्यामुळे गाडीखाली पडलेला तेलाचा डाग पहिल्यांदा दिसतो तो आपल्यालाच. एका वाचक भगिनीने लिहिलं आहे, ‘आमची मारुती ८०० जुनी असली तरी चांगली चालते. पण हल्ली रोज खाली तेलाचे थेंब पडतात. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खाली उतरवावं लागेल. जूनमध्ये मुलांच्या फिया भरायच्या की हा खर्च करायचा?’

भगिनी, घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तिच्यातली सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. कुकरची रिंग जशी वापरून वापरून कडक होते आणि शिट्टीऐवजी कडेनेच वाफ सोडते, तशीच इंजिनातली रबरी सील आणि पॅकिंग उष्णतेने कडक होतात आणि तेल सोडू लागतात. रिंग बदलायची झाली म्हणून कोणी कुकर मोडीत काढत नाही. मात्र कोणती रिंग गेली आहे, हे आधी कळायला हवं.

डाग कशाचा आहे?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत आणि कसे आहेत ते पाहा. तपकिरी किंवा काळं, बोटांना बुळबुळीत लागणारं असेल तर ते इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं असेल तर ते रेडिएटरचं कूलंट. ते चवीला गोडसर पण विषारी असतं, म्हणून मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्यापासून लांब ठेवा. चाकाजवळ फिकट पिवळसर, पातळ ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तेव्हा गाडी दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका. ए.सी. लावून आल्यावर नुसतं स्वच्छ पाणी ठिबकत असेल, तर काळजीचं कारण नाही.

पट्टी पाहायला शिका

तेलाची पट्टी पाहणं तापमापक पाहण्याइतकंच सोपं आहे. गाडी सपाट जागी हवी. सकाळी, सुरू करण्यापूर्वी पट्टी बाहेर काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. लहान गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर बहुधा पाऊण ते एक लिटरचं असतं. गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितो ना? तशीच तारीख, किलोमीटर आणि पातळी दर आठवड्याला लिहा. महिनाभरात गळती किती आहे ते आपोआप कळेल. कमी झालं तर थोडं थोडं घाला, पण वरच्या खुणेपलीकडे नको. जास्त तेलाचा फेस होतो आणि गळती उलट वाढते. खाली डाग नाही, तरीही तेल कमी होतंय आणि मागून निळसर धूर येतोय, असं असेल तर तेल इंजिनातच जळतंय. तो आजार वेगळा.

शोध वरून खाली घ्या

पावसाळ्यात भिंतीला ओल दिसते खाली, आणि पाणी मुरत असतं गच्चीवर. इंजिनाचंही तसंच आहे. वरून सुटलेलं तेल ओघळत तळाशी येतं, आणि तळाशी थेंब पाहून माणूस म्हणतो, ‘मागचं सील गेलंय, सगळं उतरवा.’ म्हणून इंजिन थंड असताना गॅरेजमधून बाहेरून नीट पुसून घ्या आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. मग इंजिन बंद करा, निवू द्या आणि पाहा. वाकताना पदर आणि वेणी सांभाळा. पावडर सर्वांत वर जिथे काळी झाली असेल, तिथून गळतीची सुरुवात आहे.

सर्वांत वर असतं टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाडीत हेच पुष्कळदा गेलेलं असतं आणि ते बदलणं स्वस्तातलं काम आहे. इथलं तेल तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडलं की जळका वास येतो. तसा वास आला तर उशीर करू नका. त्यात आगीचा धोका असतो. त्याखाली तेलाच्या दिव्याचा स्विच आणि ऑइल फिल्टर पाहा. सर्व्हिसिंगनंतर गळती एकाएकी सुरू झाली असेल, तर फिल्टरची जुनी रिंग आत चिकटून राहिली आहे का, आणि तळाच्या नटाचा वॉशर बदलला होता का, हे विचारा. ब्रीदर पाइप तुंबला असेल तर आत दाब साठतो आणि नवीन सीलसुद्धा गळू लागतं. म्हणून तो आधी साफ करून घ्या.

हे सगळं कोरडं निघालं आणि तरीही इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब येत असतील, तर मात्र मागच्या सीलचा संशय खरा. सील स्वस्त असतं. खर्च होतो तो गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा. उतरवलाच आहे, तर क्लचप्लेटही तेव्हाच पाहून घ्या.

गॅरेजमध्ये

‘कुठून गळतंय ते मला दाखवा,’ असं निःसंकोच म्हणा. सामान किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. गळती थांबवणारं औषध तेलात घातलं, तर कडक झालेलं रबर थोडे दिवस मऊ पडतं, पण फाटलेलं पॅकिंग सांधत नाही.

आठवड्याला दोन-चार थेंब पडत असतील आणि पट्टी जागेवर असेल, तर फिया आधी भरा, पॅकिंग सवडीने बदला. पण डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं लाल चित्र चालत्या गाडीत पेटलं, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ असं म्हणायचं नाही. तो दिवा तेलाचा दाब संपल्याचं सांगतो, आणि त्यानंतर इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकतं. ही एक गोष्ट घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आणि फरशी?

डागावर लाकडाचा भुसा किंवा राख रात्रभर पसरून ठेवा, सकाळी झाडून घ्या आणि धुण्याचा सोडा टाकून गरम पाण्याने ब्रशने घासा. काढलेलं जुनं तेल गटारात ओतू देऊ नका, गॅरेजलाच परत द्या. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा.