इशारा सर्वांना, आसरा कोणाला?

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की अनेकदा ते ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून काही दिवसांतच पूर्व विदर्भाच्या माथ्यावर येते. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र अंदाज जाहीर करते आणि भंडारा जिल्ह्याला एक रंग मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. शास्त्रज्ञांनी आपले काम केलेले असते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. हा इशारा पाळण्याची ऐपत कोणाकडे आहे?

जुलै-ऑगस्ट हा धानाच्या रोवणीचा हंगाम. ज्या पावसाचा इशारा दिला जातो, त्याच पावसाची कोरडवाहू बांधी वाट पाहत असते. म्हणून 'मुसळधार पाऊस येणार' हे शब्द जमीनमालकाला एका अर्थाने ऐकू येतात आणि रोवणीला जाणाऱ्या बाईला दुसऱ्या अर्थाने. मालक म्हणतो, पाणी साचते आहे, उद्याच मजूर लावा. बाई म्हणते, घरी बसले तर उद्याची चूल कशी पेटेल? या बाया बौद्ध, ढिवर, गोंड अशा भूमिहीन किंवा अल्पभूधारक घरांतल्या असतात. उघड्या बांधीत, गुडघाभर चिखलात वाकलेल्या माणसाला वीज पडताना पळायला जागा नसते. विजेची सूचना देणारे 'दामिनी' अ‍ॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. पण चिखलात हात असताना मोबाईल कोण पाहणार? वीज पडून माणूस दगावला तर वारसाला 4 लाख रुपयांची मदत मिळते. मात्र तो जिवंत राहावा म्हणून बुडालेली एका दिवसाची मजुरी भरून देण्याची तरतूद नाही. मेलेल्याची किंमत ठरली आहे, जगणाऱ्याची नाही!

दुसरी बाब नदीची. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर या सातही तालुक्यांना मिळून रंग एकच. वैनगंगेला मात्र जिल्ह्याची सीमा कळत नाही. ती मध्यप्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटमार्गे आपल्याकडे येते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडारा शहर आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली, ती केवळ इथल्या पावसाने नव्हे. वर मध्यप्रदेशात अतिवृष्टी झाली आणि संजय सरोवराचे पाणी सुटले. खाली गोसीखुर्दचे 33 ही दरवाजे उघडावे लागले. पुढे गडचिरोली आणि ब्रह्मपुरीपर्यंत हाहाकार झाला. म्हणजे आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. वरच्या धरणातून किती पाणी सुटले आणि ते किती तासांत पोहोचेल, हे काठच्या शेवटच्या घराला कळले पाहिजे.

हा विचार नवा नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथील परिषदेचे ते अध्यक्ष होते. पुराच्या पाण्याकडे केवळ संकट म्हणून पाहू नये, ती संपत्ती आहे, ती साठवून लोकांच्या कामी आणावी, ही त्यांची भूमिका होती. नदी प्रांतांच्या सीमांत कापता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने त्यांना लोकसभेवर पाठवले नाही. निदान त्यांचा जलविचार तरी या जिल्ह्याने स्वीकारावा.

मग काय करायला हवे? पहिले, नारिंगी आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी शेतमजुराला बुडीत मजुरी मिळाली पाहिजे. ज्या महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याला हे अशक्य नाही. दुसरे, धरणाच्या विसर्गाची सूचना तालुक्याच्या कचेरीत अडकून न राहता वस्तीवस्तीत भोंग्याने पोहोचली पाहिजे. गावगाड्याने दवंडी पिटण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांच्याच वस्तीत आज इशारा सर्वांत शेवटी पोहोचावा, हा कसला न्याय? तिसरे, पंचनामा सातबाऱ्यापाशी थांबू नये. बांधी वाहून गेली तर मालकाचे पीक जाते, तशी मजुराची हंगामभराची कमाईही जाते.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण दिले आहे. त्या प्राधिकरणाला जाब विचारण्याचे काम आपले आहे. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीनच प्रश्न लेखी द्यावेत: आमच्या वस्तीला सूचना कोण देणार, पूर आला तर आम्ही कुठे जाणार आणि त्या दिवशी आम्ही काय खाणार? उत्तर मिळेपर्यंत ते मागत राहावे. वादळ निसर्गाचे असते. त्यात कोण मरणार, हे मात्र व्यवस्था आधीच ठरवून ठेवते.