पोडूचा कारभार मल्लेश्वरममधून का?

बिळिगिरीरंगन डोंगरात वणवा कसा आवरायचा, मध कुणी काढायचा, कुणाची वस्ती कुठे हलवायची, याचे कागद बंगळूरला मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवर, अरण्य भवनात फिरतात. मी तिथून जवळच राहते. ते डोंगर चामराजनगर जिल्ह्यात, इथून पावणेदोनशे किलोमीटरवर. पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या सोलिग आदिवासींना त्या कागदांवर काय म्हणायचं आहे, हे कुणी विचारतं का? मला हा प्रश्न सोडत नाही, कारण मी गडचिरोलीची.

वडील वनखात्यात नाकेदार होते. परवान्याशिवाय बांबूची एक काठी नाक्यापुढे जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू अडलेलाच राहिला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही देवाजी तोफा या नेत्याच्या गावाची घोषणा त्या दिवशी व्यवहारात उतरली. वडील तोवर निवृत्त झाले होते. बातमी वाचून ते म्हणाले, “हे आधीच व्हायला पाहिजे होतं.”

त्याच 2011 साली इकडे सोलिगांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत त्यांचे डोंगर व्याघ्र प्रकल्प झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या 25 ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळण्याची ती देशातली पहिलीच वेळ मानली जाते. पण त्याआधीची जवळजवळ चाळीस वर्षं निसटून गेली होती. 1974 मध्ये अभयारण्य झालं, फिरती शेती बंद झाली, माणसं रस्त्याकडेच्या पोडूंमध्ये, म्हणजे त्यांच्या पाड्यांमध्ये, आणून बसवली गेली. 2006 मध्ये तर मध, आवळा, शिकेकाई, दगडफूल विकायलाही बंदी आली. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल गोळा करणाऱ्या बाईची रोजची मिळकत त्या बंदीने बुडाली.

गेल्या हिवाळ्यात एका पोडूतल्या आजोबांबरोबर मी आवळ्यांच्या रानात गेले होते. एका झाडाला फळांपेक्षा बांडगूळच जास्त. त्यांनी कोयत्याने ते सपासप छाटलं, हिरवा चिकट चीक हाताला लागला तो झाडाच्याच सालीला पुसला. खाली घाणेरीचं रान माणसाच्या उंचीएवढं माजलेलं. ते म्हणाले, “पूर्वी आम्ही पानगळ झाल्यावर वेळेत हलकी आग द्यायचो. बांडगूळ मरायचं, घाणेरी उठायची नाही. आग बंद केली, आता बघा.” हे नुसतं आठवणीतलं म्हणणं नाही. या डोंगरात घाणेरी किती झपाट्याने पसरली, याचं मोजमाप संशोधकांनीही केलं आहे. बंगळूरच्याच ‘अट्री’ या संस्थेने सोलिगांना बरोबर घेऊन त्यांच्या देवस्थानांचे, झऱ्यांचे, पूर्वजांच्या दगडांचे नकाशेही तयार केले. प्रत्येक कुळाची ‘येल्ले’, म्हणजे हद्द, त्यांना ठाऊक आहे. ज्यांना जंगलाची एवढी खडान्खडा माहिती आहे, त्यांच्याकडे कारभार नाही.

याचं एक कारण घटनेतच आहे. पाचव्या अनुसूचीत दहा राज्यांमधले आदिवासी प्रदेश आहेत. कर्नाटकाचा एकही नाही. म्हणून अशा प्रदेशांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा इथे लागूच होत नाही, आणि ग्रामसभेला जे बळ मिळतं ते केवळ 2006 च्या वनहक्क कायद्यातून. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात अनुसूचित जमातींचे साडेबेचाळीस लाख लोक होते. ते विखुरलेले आहेत, सलग तालुका भरत नाही, असं उत्तर मिळतं. ते मला पटत नाही. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रांच्या 1985 च्या आदेशात तालुक्यांबरोबर गावांची नावंही एकेक करून लिहिलेली आहेत. मग पोडूंची का लिहिता येऊ नयेत?

लोकांना त्यांच्या वस्तीत जाऊन विचारता येतं, हे दुसरीकडे घडलेलं आहे. कॅनडाच्या वायव्येला डेने लोकांचा, म्हणजे अथाबास्कन भाषा बोलणाऱ्यांचा, प्रदेश आहे. मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायची होती, तेव्हा चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती थॉमस बर्जर राजधानीत बसून राहिले नाहीत. वस्त्या-वस्त्यांवर जाऊन त्यांनी शिकाऱ्यांची, म्हाताऱ्यांची साक्ष त्यांच्याच भाषेत नोंदवली आणि 1977 मध्ये सांगितलं: आधी जमिनीचे हक्क मिटवा, दहा वर्षं पाइपलाइन नको. पुढे 2005 मध्ये डेनेंमधल्याच त्लिचो लोकांचं स्वतःचं सरकार अस्तित्वात आलं आणि सुमारे 39,000 चौरस किलोमीटर जमीन, खाली दडलेल्या खनिजांसह, त्यांच्या मालकीची झाली. तरीही कॅनडा एकसंधच राहिला.

वाघांचं काय, असं माझे शेजारी विचारतात. वाघ मलाही हवा आहे. पण सोलिग वाघाबरोबर शतकानुशतकं राहिले. घाणेरीने चारा मारला तर हरीण कमी होतं आणि वाघाचंही पोट मारलं जातं. ती घाणेरी हटवायला त्यांच्याखेरीज आहेच कोण? नागरहोळेच्या जंगलात मात्र मे 2025 मध्ये जेनु कुरुबा आदिवासींची पन्नासहून जास्त कुटुंबं आपल्या जुन्या हाडीत, म्हणजे पाड्यात, परतली, तेव्हा स्वतःच्याच वाडवडिलांच्या जमिनीवर त्यांना अतिक्रमण करणारे म्हटलं गेलं. यासारखा अन्याय नाही.

कर्नाटक सरकारने चामराजनगर, म्हैसूर आणि कोडगूमधल्या पोडू आणि हाड्यांची यादी करून पाचव्या अनुसूचीसाठी केंद्राकडे पाठवावी. त्याला वेळ लागेल. तोवर पुनर्वसनाची आणि जंगलाच्या आराखड्याची प्रत्येक सुनावणी पोडूत, ग्रामसभेसमोर घ्यावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आणि पुण्या-मुंबईहून काबिनीला, बीआर हिल्सला म्हणजे याच बिळिगिरीरंगन डोंगरात सफारीसाठी येणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: सोलिगांच्या सहकारी संस्थेचा मध विकत घ्या, आणि हे जंगल कुणाचं आहे ते त्यांनाच विचारा.