आधी बोट, मग पाणी

या वीकेंडला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहिणार होतो. पण सकाळी घरून फोन आला, लिंबाला नवी फूट आली आहे म्हणून. म्हटलं, आता हेच लिहून टाकू. यात माझीच फजिती आहे, तेव्हा हसायला हरकत नाही.

आमचं घर चामोर्शीचं. गडचिरोली जिल्हा, वैनगंगेकाठच्या मार्कंडादेवचा तालुका. घरी आई एकटीच असते. अंगणात आजोबांनी लावलेलं लिंबाचं झाड, तुळस, मोगऱ्याच्या चार-पाच कुंड्या. गेल्या वर्षी मे महिन्यात घरी गेलो तेव्हा पारा 45 च्या आसपास, आणि आई दुखऱ्या गुडघ्यांनी बादल्या उचलतेय. बघवेना. मी पडलो इंजिनिअर! टायमर, नळ्या, ड्रिपर आणले आणि एका दुपारीत सगळं जोडून टाकलं. सकाळी 6, संध्याकाळी 6, वीस-वीस मिनिटं. स्वतःवर जाम खूश होऊन पुण्याला परतलो.

जूनमध्ये पाऊस लागला. टायमरला पाऊस कळत नाही. आईने फोनवर दोनदा विचारलं, "बंद करू का रे?" मी म्हटलं, "आई, हात लावू नकोस, सगळं सेट केलंय." जुलैत पावसाने आठवडाभर दडी मारली आणि लिंबाची पानं मलूल होऊन पिवळी पडायला लागली. मी पुण्यात बसून निदान केलं: तहान! वीसची तीस मिनिटं करायला लावली.

ऑगस्टमध्ये गेलो तर झाड अर्धं बोडकं, बुंध्याला डिंक, दोन मोगरे मेलेले. शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "कायले पाणी देऊन राह्यला गा? पह्यले माती त पाय!"

बोट खुपसलं. आत नुसता चिखल, आणि कुजका वास.

गंमत बघा. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात. आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं! वरून दिसतं मात्र अगदी तहानलेल्या झाडासारखंच. पावसाच्या खंडात माती सुकून मुळांना जरा श्वास मिळाला असता, तर ती संधीही मी टायमर लावून घालवली.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे तर धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, त्याचं काय? धानाच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात. लिंबाला आणि मोगऱ्याला ती सोय नाही. त्यांना हवा वाफसा. हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता, अर्थ आत्ता कळला. चिखलही नाही, धूळही नाही, ओल आणि हवा दोन्ही असलेली माती. आमच्याकडचे शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, बरडी अशी नावं देतात, कारण प्रत्येकीचं पाणी धरणं वेगळं. कन्हार चिकण, ओल सोडत नाही. बरडी मुरमाड, चटकन सुकते. "रोज एक मग" हा नियम दोघींना कसा चालेल?

मग बघायचं कसं? बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. वरची माती सुकलेली असून आत गार ओल लागली तर थांबा. खोल कुंडीत लाकडी काडी पाच मिनिटं खोचून ठेवा, ओली माती चिकटून आली तर पाणी नको. छोटी कुंडी उचलून बघा, सुकलेली कुंडी हलकी लागते. आणि द्याल तेव्हा तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. रोजचा घोटभर शिंपडा फक्त वरचा थर भिजवतो.

सेन्सरही करून पाहिले (राहवतंय थोडंच!). दोन पिनांचे स्वस्तातले गंजतात, शिवाय खताच्या क्षारांनी आकडा बदलतो. कपॅसिटिव्ह बरे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5, त्या फरकावर ते चालतात. पण प्रत्येक मातीसाठी वेगळं कॅलिब्रेशन लागतं, आणि ते करायला शेवटी बोटच घालावं लागतं.

माझा टायमरला विरोध नाही. मे महिन्यात त्याने आईचे गुडघे वाचवले. विरोध आहे तो न बघता लावून विसरून जाण्याला. ऑफिसमध्ये आधी स्थिती न वाचता डेटा बदलणारा कोड कोणी लिहिला तर मी रिव्ह्यूमध्ये फाडून खातो. घरी तेच केलं. बरं, त्या सिस्टीममधला सगळ्यात चांगला सेन्सर दोनदा अलर्ट देत होता. मीच त्याला गप्प केलं.

आता टायमरचं बटण आईच्या हातात आहे. ती माती बघते, मग ठरवते. रविवारच्या फोनवर मी "पाणी दिलंस का?" असं विचारत नाही. "माती कशी आहे?" विचारतो, आणि ती सांगते ते ऐकतो.

असो. बाल्कनीत जा आणि एका कुंडीत बोट घालून बघा. मग भरा मग.