नाडीचा काच

उन्हाळा लागला की त्वचेच्या कॅन्सरवर लेख येतात आणि त्यांचा सगळा भर उन्हावर असतो. दुपारी बाहेर पडू नका, सनस्क्रीन लावा. गोऱ्या कातडीच्या देशांसाठी हा सल्ला अगदी रास्त आहे. आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिन बऱ्यापैकी जपतं, त्यामुळे हा आजार आपल्याकडे त्या मानाने कमी. पण होतो तेव्हा कधी कधी तो ऊन पोचतच नाही अशा जागी होतो. त्यातली एक जागा म्हणजे साडी नेसणाऱ्या बाईची कंबर.

आईच्या, काकूच्या कंबरेवरचा तो काळा पट्टा मी लहानपणापासून पाहत आले. बोटभर रुंद, मधोमध खोबणी पडलेली, आणि गाठ बसते तिथली कातडी जास्तच राठ. साडीचा सगळा भार परकराच्या नाडीवर, म्हणून ती रोज आवळायची, आणि तीही त्याच खोबणीत. वर्षानुवर्षं असं काचत राहिलं की कातडी पातळ पडते, पापुद्रे निघतात, मधूनच पांढरे डाग उठतात. घाम झोंबतो, खाज सुटते. मग कधीतरी चीर पडते. खपली धरते आणि नाडी ती पुन्हा ओरबाडते. बाई हळद नाहीतर खोबरेल लावते आणि कामाला लागते. वर्षं-दोन वर्षं चिघळत राहिलेल्या अशा जखमेत क्वचित कॅन्सर धरतो.

हे काही आज कळलेलं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 सालीच, धोतर घट्ट नेसण्याने कंबरेला होणाऱ्या कॅन्सरची शास्त्रीय नोंद केली होती. साडीमुळे झालेले रुग्ण पुढे आढळले. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्कर बायकांची हकिगत छापली. पहिलीच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी परकराशिवाय लुगडं कसून नेसायची, चाळीस वर्षं, रोज. तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

दीड वर्ष! मला सगळ्यात जास्त हेच छळतं. हाताला इतके दिवस जखम राहिली असती तर घरातल्या कुणीतरी हटकलं असतं. कंबर झाकलेली. दाखवायची तर पुरुष डॉक्टरसमोर नाडी सोडायची, आणि तेवढ्यासाठी रोजगार बुडवायचा. सून विचारत नाही, सासू सांगत नाही.

तळपायाचीही तीच गत. सावळ्या लोकांत मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर बऱ्याचदा तळव्याला किंवा नखाखाली निघतो. काळा डाग दिसला की काटा मोडला असेल, कुरूप असेल, ठेच लागली असेल, असं म्हणून सोडून देतात. ठेचेचं काळं नखाबरोबर पुढे सरकतं. सरकत नाही, उलट रुंदावत जातं, ते दाखवायलाच हवं. भाजल्याचा जुना व्रण पुन्हा फुटला तर तोही.

उपाय साधे आहेत. नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक लावावं, गाठीची जागा बदलत राहावी, घरात असताना सैल सोडावं. साडी सोडायला कुणी सांगत नाही, पण कातडी सोलवटलेली असेल तेव्हा ती भरेपर्यंत गाऊन घालावा आणि त्याबद्दल घरात कुणी नाक मुरडू नये. महिनाभरात न भरणारी, कडा उचललेली, हात लागताच रक्त येणारी जखम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. तिथली जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, तीच बायॉप्सी. लवकर कळलं तर तेवढा भाग कापून टाके घालून बहुतेकदा भागतं.

आरोग्य शिबिरांत आपण बायकांचा रक्तदाब आणि साखर बघतो. तिथेच एक पडदा लावावा, आत बाई डॉक्टर किंवा नर्स बसवावी, आणि साठीच्या पुढच्या प्रत्येकीला विचारावं, “मावशी, नाडी काचते का? बघू जरा.”