खेळ, भोजन आणि कुटुंब: एका व्यवसायाचे अर्थकारण

जेवणासाठी बाहेर जाणे आणि खेळण्यासाठी बाहेर जाणे या एकेकाळी स्वतंत्र गोष्टी होत्या. देशातील महानगरांत आता त्या एकाच छताखाली आल्या आहेत. विशिष्ट कल्पनेनुसार सजवलेले दालन, त्यात भोजनाची व्यवस्था आणि शेजारी खेळांची यंत्रे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. मॉलमधील अशा केंद्रांत सुटीच्या दिवशी सहकुटुंब येणाऱ्यांची गर्दी पाहिली, की या व्यवसायात नफा निश्चित आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र करोना महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, या क्षेत्रातील जगातील सर्वांत प्रसिद्ध साखळी दिवाळखोरीत गेली आणि मे २०२४ मध्ये गुजरातमधील राजकोट येथे एका खेळकेंद्राला लागलेल्या आगीत २७ जणांचे प्राण गेले. असा व्यवसाय कोणी, कोणाच्या पैशावर आणि किती वेगाने वाढवावा, हा प्रश्न या घटनांमुळे पुढे आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा इतिहास उपयोगी पडतो, कारण या व्यवसायाची घडण बव्हंशी तेथेच झाली. वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट या दांपत्याने १९२० मध्ये ब्यूएना पार्क येथे खंडाने जमीन घेऊन बेरीची शेती सुरू केली. रस्त्याच्या कडेला फळे विकता विकता त्यांनी जमीन विकत घेतली. परंतु पाठोपाठ महामंदी आली आणि चढ्या भावाने घेतलेल्या जमिनीचे हप्ते पडत्या उत्पन्नातून फेडण्याची वेळ आली. कॉर्डेलिया यांनी त्याआधीच मुरंबे आणि पाय विकण्यास प्रारंभ केला होता. जून १९३४ मध्ये त्यांनी कोंबडीचे जेवण देण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ पाहुणे आले. त्यांना लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या भांड्यांतून जेवण वाढण्यात आले आणि त्याचा दर ६५ सेंट होता.

काही वर्षांतच त्या जेवणासाठी रविवारी हजारोंची रीघ लागू लागली आणि लोकांना तासन्‌तास थांबावे लागे. ताटकळलेला ग्राहक परत जाऊ नये म्हणून वॉल्टर यांनी आवारात लहानमोठी आकर्षणे उभी केली. १९४० मध्ये त्यांनी जुन्या इमारती आणून ‘घोस्ट टाउन’ हे सोन्याच्या खाणींच्या काळातील गाव वसवण्यास सुरुवात केली. पुढे त्यातूनच मोठे मनोरंजन उद्यान आकारास आले. दांपत्याची चारही मुले या उद्योगात सहभागी झाली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी जेवणाला मागणी आली, त्यातून रांग निर्माण झाली आणि त्या रांगेसाठी मनोरंजन आले. प्रत्येक पुढचे पाऊल सिद्ध झालेल्या मागणीच्या आधारावर टाकण्यात आले. आवाराला कुंपण घालून प्रवेशमूल्य आकारण्यास १९६८ मध्ये, म्हणजे पहिल्या जेवणानंतर ३४ वर्षांनी सुरुवात झाली.

दुसरा प्रवाह १९७७ मध्ये सुरू झाला. अटारी या व्हिडिओ गेम कंपनीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनी सॅन होजे येथे ‘पिझ्झा टाइम थिएटर’ उघडले. गाणारी यांत्रिक पात्रे, नाणे टाकून खेळायची यंत्रे आणि पिझ्झा असा हा मेळ होता. यंत्र विकणाऱ्यापेक्षा त्या यंत्रात पडणारी नाणी गोळा करणाऱ्याची कमाई अधिक असते, हे बुशनेल यांच्या लक्षात आले होते. पिझ्झा तयार होण्यास लागणारा वेळही त्यांना सोयीचा होता, कारण तेवढ्या वेळात मुले खेळणार होती. नॉट दांपत्याला ग्राहकाच्या प्रतीक्षेवर उपाय शोधावा लागला होता. बुशनेल यांनी ती प्रतीक्षा व्यवसायाच्या आराखड्यातच बसवली. ही साखळी अतिशय वेगाने पसरली. मात्र व्हिडिओ गेमच्या बाजारात मंदी येताच १९८४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि प्रतिस्पर्धी ‘शोबिझ पिझ्झा’ कंपनीने ती ताब्यात घेतली. तीच साखळी पुढे ‘चक ई. चीज’ या नावाने जगभर ओळखली गेली.

या दोन्ही प्रवाहांच्या मधला मार्ग ‘जॉन्स इन्क्रेडिबल पिझ्झा’ या कुटुंबाच्या मालकीच्या साखळीत दिसतो. जॉन पार्लेट यांनी ती १९९० च्या दशकात सुरू केली. तिच्या उपाहारगृहांत बुफे पद्धतीचे भोजन असते. जेवणाची दालने वेगवेगळ्या कल्पनांवर सजवलेली असतात. एक डोंगरातील लाकडी घरासारखे, तर दुसरे व्यंगचित्रपटांच्या चित्रगृहासारखे. जेवणाच्या दालनांना लागूनच खेळांचा मोठा विभाग असतो. या साखळीची एक शाखा नॉट यांच्याच ब्यूएना पार्कमध्ये उघडण्यात आली. चक ई. चीजच्या शाखांची संख्या शेकड्यांत मोजली जात असताना ही साखळी मात्र मुख्यतः कॅलिफोर्निया आणि आसपासच्या प्रदेशापुरतीच राहिली.

लहान राहण्यात तोटा आहे की शहाणपण, हे समजण्यासाठी या व्यवसायातील खर्चाची रचना पाहावी लागेल. साध्या खानावळीत ग्राहक घटले तर दुसऱ्या दिवशी पीठ, भाजी आणि तेल कमी आणता येते. खेळांच्या दालनाचे तसे नसते. विस्तीर्ण जागेचे भाडे, यंत्रांवरील कर्जाचे हप्ते, वीज आणि देखभाल यांचा भार दहा माणसे आली काय किंवा हजार आली काय, जवळपास तेवढाच राहतो. म्हणून गर्दीच्या दिवसांत नफा भरघोस मिळतो आणि ओस पडलेल्या दिवसांत तोटाही तितक्याच वेगाने वाढतो. शिवाय मुलांना एका खेळाचा लवकरच कंटाळा येतो. त्यामुळे मिळालेल्या नफ्यातील मोठा वाटा नव्या यंत्रांसाठी राखून ठेवावा लागतो. अशा व्यवसायावर कर्जाचा भार वाढला, की एखादा वाईट हंगामही त्याला पेलवत नाही.

चक ई. चीजच्या बाबतीत नेमके हेच घडले. अपोलो ग्लोबल मॅनेजमेंट या खासगी गुंतवणूक कंपनीने २०१४ मध्ये, कर्जासह सुमारे १.३ अब्ज डॉलर मोजून, तिची मालकी मिळवली. अशा व्यवहारांत खरेदीसाठी उभारलेल्या कर्जाचा मोठा भाग खरेदी झालेल्या कंपनीच्याच डोक्यावर येतो. महासाथीमुळे दालने बंद झाली तेव्हा कंपनीवर सुमारे १ अब्ज डॉलरचे कर्ज होते. जून २०२० मध्ये तिने न्यायालयाकडे दिवाळखोरी संरक्षण मागितले आणि सुमारे ७० कोटी डॉलरच्या कर्जातून मुक्त होऊनच ती बाहेर पडली. महासाथीचा फटका सर्वांनाच बसला. परंतु ज्यांच्यावर हप्त्यांचा भार कमी होता, त्यांना दारे पुन्हा उघडेपर्यंत थांबणे तुलनेने सोपे गेले. कुटुंबाच्या मालकीचे खरे बळ या थांबण्याच्या क्षमतेत आहे. कुटुंब स्वतःचे उत्पन्न काही महिने पुढे ढकलू शकते, ऋणको अशा सवलतीची अपेक्षा धनकोकडून करू शकत नाही.

मात्र कौटुंबिक मालकीचे अवास्तव गुणगान करणेही योग्य ठरणार नाही. अशा उद्योगात पती-पत्नी आणि मुले जे श्रम करतात, त्यांची नोंद बहुधा हिशेबाच्या वहीत होत नाही. त्यामुळे व्यवसाय प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा अधिक किफायतशीर भासतो. महाराष्ट्रात पती गल्ल्यावर आणि पत्नी स्वयंपाकघरात अशी विभागणी असलेल्या असंख्य खानावळी आहेत. पत्नीच्या कष्टाचे मूल्य धरले तर त्यांतील कितींचा ताळेबंद जुळेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दुसरी मर्यादा वारसाची आहे. कॉर्डेलिया यांचे १९७४ मध्ये आणि वॉल्टर यांचे १९८१ मध्ये निधन झाले. त्यानंतर मुलांनी उद्यान चालवले, परंतु १९९७ मध्ये ते सीडर फेअर या कंपनीला विकण्यात आले. ही कंपनी २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्जमध्ये विलीन झाली. कॉर्डेलिया यांच्या नावाचे उपाहारगृह आजही चालते, परंतु ते त्यांच्या कुटुंबाचे राहिलेले नाही.

भारतात या अनुभवांचा अर्थ काय? २०१२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या स्मॅश या साखळीने क्रिकेटचे आभासी खेळ, इतर मनोरंजन आणि खानपान एकत्र आणून अनेक शहरांत विस्तार केला. तीही महासाथीनंतर दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०२५ मध्ये नझारा टेक्नॉलॉजीजकडे आली. लहान उद्योजकांसमोरील अडचण वेगळी आहे. मुद्रा योजनेतील कर्जाची कमाल मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पात २० लाख रुपये करण्यात आली. खानावळ उभारण्यासाठी ही रक्कम उपयोगी आहे; खेळयंत्रांनी सजलेल्या मोठ्या दालनासाठी ती तुटपुंजी ठरते. साहजिकच महागड्या कर्जाकडे किंवा खर्च वाचवण्याच्या पळवाटांकडे पावले वळण्याचा धोका असतो.

या पळवाटांची किंमत किती भयंकर असू शकते, हे २५ मे २०२४ रोजी राजकोटमध्ये दिसले. तेथील टीआरपी गेम झोनला अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते. मृतांमध्ये लहान मुलेही होती. गुजरात उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. अशा केंद्रांना अन्नाचा परवाना एका यंत्रणेकडून, मनोरंजनाची परवानगी दुसऱ्या यंत्रणेकडून आणि अग्निसुरक्षेचा दाखला तिसऱ्या यंत्रणेकडून घ्यावा लागतो. एक कागद हाती आला म्हणजे बाकीचे मागाहून येतील, या समजुतीवर दारे उघडली जातात. म्हणून सर्व दाखल्यांची एकत्रित पडताळणी झाल्याशिवाय ग्राहकांना प्रवेश देता येणार नाही, अशी तरतूद प्रत्येक राज्यात आवश्यक आहे. मालक कुटुंब असो वा कंपनी, सुरक्षेचा खर्च हा भांडवली खर्चाचा पहिला भाग मानला गेला पाहिजे.

येत्या काळात देशातील मध्यम शहरांतही असे व्यवसाय वाढतील आणि त्यांतील अनेकांची सुरुवात पती-पत्नींच्या बचतीतून होईल. त्यांना सुलभ कर्जाइतकीच स्पष्ट नियमांची आणि वेळेवर होणाऱ्या तपासणीची गरज आहे. पुढची शाखा उघडण्यापूर्वी पहिली शाखा ओस पडलेला हंगाम सोसू शकते काय आणि संकटाच्या वेळी तिच्यातील प्रत्येक मूल सुखरूप बाहेर पडू शकते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तरच विस्ताराला अर्थ आहे.