सोलापूर : बंगले वाढले, माणसे कुठे?

सोलापुरात ‘चांगली वस्ती’ म्हटले, की एकेकाळी रेल्वे लाइन्स आणि सात रस्ता हा परिसर डोळ्यांसमोर येत असे. गेल्या तीन दशकांत हा मान विजापूर रोड, जुळे सोलापूर आणि होटगी रोडकडे सरकला. बंगले, अपार्टमेंट, रुग्णालये, मंगल कार्यालये यांनी हा भाग गजबजला. मात्र, या भरभराटीमागचे आकडे वेगळेच काही सांगतात.

१९९२ च्या हद्दवाढीत अकरा गावे महापालिकेत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर १७८ चौरस किलोमीटरचे झाले. जमीन एकाएकी मुबलक झाली. त्या प्रमाणात माणसे मात्र वाढली नाहीत. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, ती २०११ मध्ये ९ लाख ५१ हजार झाली. ही वाढ जेमतेम नऊ टक्के. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली. याचा अर्थ स्पष्ट आहे. नव्या वसाहती बाहेरून आलेल्या लोंढ्याने नव्हे, तर मुख्यतः शहराच्याच अंतर्गत स्थलांतराने उभ्या राहिल्या.

गावठाणातील पेठांमधून व्यापारी, डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि निवृत्त अधिकारी येथे आले. उसाच्या पैशावर तालुक्यांतील बागायतदारांनीही शहरात घर केले. पेठांमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषकांच्या वस्त्या बऱ्याच अंशी वेगळ्या होत्या. येथे ते एकाच सोसायटीत शेजारी झाले. जातीपेक्षा उत्पन्नावर ठरलेली ही शहरातील बहुधा पहिलीच मोठी वस्ती असावी.

तथापि, या घरांतील पुढची पिढी पुण्यात आहे. गिरण्या बंद पडल्यानंतर सुशिक्षितांना सामावून घेणारा मोठा उद्योग शहरात आला नाही. परिणामी, अडीचशे किलोमीटरवरील पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस हीच तरुणांची वाट ठरली. मागे प्रशस्त बंगल्यात दोन वृद्ध जीव उरतात किंवा दाराला कुलूप दिसते. मोकळे प्लॉटही राहण्यासाठी कमी आणि गुंतवणूक म्हणून अधिक घेतले जातात. खरेदीदाराला घाई नसल्याने भाव उतरत नाहीत.

त्याची झळ मात्र कष्टकऱ्यांना बसते. विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये साकारली ती शहराबाहेर, कुंभारीत. रे नगरमधील तीस हजारांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली, तीही कुंभारीतच. हद्दीत भूखंड ओस आणि कामगार हद्दीबाहेर, असे हे विचित्र चित्र आहे.

विरळ वस्तीपर्यंत जलवाहिनी, ड्रेनेज व रस्ते नेण्याचा खर्च अखेर साऱ्या शहरावर पडतो. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे पाणी साठवले. बंगलेवाल्यांनी बोअर आणि टँकरचा आधार घेतला. झोपडपट्टीला तो परवडला नाही.

२०२५ मध्ये होटगी रोडवरील विमानतळावरून गोवा व मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिच्या जोरावर आता जागेचे भाव वाढण्याची चर्चा आहे. परंतु, विमानाने उद्योग आले तरच ती वाढ खरी. अन्यथा कुलूपबंद बंगल्यांची किंमत वाढेल, शहर मात्र तेथेच राहील. वर्षानुवर्षे पडून असलेल्या भूखंडांबाबत ठोस धोरण आखणे आणि तरुणांना गावातच काम देणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही.