दोष वेगळा, मागणी वेगळी

खरीप हंगामाची पीक पाहणी सुरू झाली की शिरोळ तालुक्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ॲप चालत नाही.’ अर्जुनवाडपासून खिद्रापूरपर्यंत हेच ऐकायला मिळते आणि ते ऐकून घेण्याचे काम बहुतेक वेळा तलाठ्याच्या वाट्याला येते. या वाक्यामागे निदान चार वेगवेगळे त्रास असतात. कुणाच्या शेतात रेंजच नसते. कुणाच्या सातबाऱ्यावरचे क्षेत्रच चुकलेले असते आणि ॲप फक्त ती चूक पुढे आणते. कुणाच्या बाबतीत ॲपमध्ये खरोखरच दोष असतो. आणि कुणाला अशी सोय हवी असते, जी ॲपमध्ये मुळात ठेवलेलीच नाही. चौघांचाही त्रास खरा आहे, पण चौघांचा इलाज एका जागी होत नाही. हे चारही त्रास एकाच वहीत ‘तक्रार’ म्हणून लिहिले जातात आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते.

हे ॲप ई-पीक पाहणीचे. ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तोवर पिकाची नोंद तलाठी करत असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद अपलोड करायची. शिरोळसाठी या तारखेला वेगळा अर्थ होता. त्याच्या आदल्या महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, तालुक्याने महापूर पाहिला होता आणि २०१९ च्या महापुराच्या जखमा तेव्हा पुरत्या भरल्याही नव्हत्या. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांच्या या तालुक्यात पिकाची नोंद म्हणजे नुसती सरकारी औपचारिकता नव्हे. ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली राहतो, शेंड्यात गाळ बसून पीक कुजते. अशा वेळी शेतात काय उभे होते, हा प्रश्न पंचनाम्यात येतो, विम्यात येतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळीही येतो. त्यामुळे नोंद घेणाऱ्या यंत्रणेतला दोष आणि त्याची तक्रार हाताळण्याची रीत इथे थेट घराच्या हिशेबाशी जोडलेली आहे.

संगणकाच्या क्षेत्रात दोन गोष्टी अगदी सुरुवातीलाच वेगळ्या काढतात. जे करण्याचे प्रणालीने कबूल केले आहे ते ती करत नसेल, तर तो दोष. जे तिने कधी कबूलच केले नव्हते, पण वापरणाऱ्याला हवे आहे, ती मागणी. दोष तातडीने दुरुस्त व्हायला हवा, कारण तिथे दिलेला शब्द मोडलेला असतो. मागणीवर विचार करावा लागतो. ती किती जणांच्या उपयोगाची आहे, तिने दुसरे काही बिघडेल का आणि तिचा गैरवापर होईल का, हे सगळे पाहावे लागते. दोषाला मागणीसारखे वागवले तर शेतकरी ताटकळतो. मागणीला दोषासारखे वागवले तर घाईत असे बदल होतात की पुढच्या हंगामात त्यांतून नवेच दोष निघतात.

मागणी नीट ऐकली तर काय होते, याचे चांगले उदाहरण याच ॲपमध्ये आहे. आपल्याकडे आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि पंधरा-अठरा महिने रानात राहतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच सरीत कुणी सोयाबीन, कुणी भुईमूग, कुणी भाजीपाला घेतो. अशा रानाचे पीक कोणते, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या ॲपच्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय आली. चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. गावातल्या सगळ्या खातेदारांच्या नोंदी कुणालाही पाहता येऊ लागल्या आणि तलाठ्याने तपासायच्या नोंदी दहा टक्क्यांवर आल्या. हे बदल कार्यालयात बसून सुचण्यासारखे नाहीत. पहिल्या हंगामात रानात ज्यांची अडचण झाली, त्यांच्या बोलण्यातूनच अशी सुधारणा घडते. शासनाने तेव्हा ऐकले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

त्याच आवृत्तीने एक नवा प्रश्नही आणला. फोटो खरोखर त्याच शेतातला आहे की नाही हे कळावे, म्हणून गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये घालण्यात आले. तुम्ही त्या बिंदूपासून दूर असाल तर ॲप तसा संदेश देऊ लागले. कल्पना योग्यच आहे, कारण घरी बसून दुसऱ्याच्या उसाचा फोटो लावणाऱ्याला आळा बसायलाच हवा. पण नदीकाठच्या रानांचे काय? तिथे गट रस्त्यापासून नदीपर्यंत लांबच लांब पट्ट्यासारखे गेलेले असतात. पट्ट्याच्या एका टोकाला स्वतःच्याच बांधावर उभा असलेला माणूस मध्यबिंदूपासून बराच लांब असू शकतो. त्यात काही ठिकाणी काठ खचून जमीन नदीत गेली आहे. नकाशात मात्र गट जुन्या हद्दीपर्यंत कायम आहे, म्हणजे त्याचा मध्यबिंदूही नदीकडे सरकलेला. अशा शेतकऱ्याला ‘तुम्ही गटापासून दूर आहात’ हा संदेश दिसला तर त्याचा संताप समजण्यासारखा आहे. तो म्हणतो, ॲप बिघडले. ॲप करणारा म्हणतो, ॲपने सांगितले तेच केले. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत आणि दोष तिसऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे नकाशात आणि मध्यबिंदू ठरवण्याच्या पद्धतीत. नुसते ‘ॲप चालत नाही’ या शब्दांतून हे कुणालाही कधीच कळणार नाही.

म्हणून तक्रार कशी लिहायची, याला फार महत्त्व आहे. ‘पुटी’ ही जगभर वापरली जाणारी संगणक प्रणाली लिहिणारे सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये दोष कसा कळवावा यावर एक लेख लिहिला. प्रोग्रॅमर मंडळी तो आजही एकमेकांना वाचायला देतात. त्याचा गाभा सोपा आहे : प्रणाली बिघडताना जणू दुरुस्ती करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बिघडली पाहिजे. तुम्ही काय केलेत, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, हे त्याच क्रमाने सांगा. कारण काय असावे याचा तर्क नंतर. शिरोळच्या संदर्भात अशी तक्रार साधारण पुढीलप्रमाणे होईल : ‘गाव औरवाड, गट क्रमांक अमुक, खाते क्रमांक तमुक. ॲपची आवृत्ती अमुक, फोन अमुक कंपनीचा. तारीख ही, वेळ सकाळी साडेदहा. पीक ऊस, हंगाम खरीप निवडला. नदीकडच्या बांधावर उभा राहून फोटो काढला. गटापासून दूर असल्याचा संदेश आला. शंभर पावले रस्त्याकडे आलो तर तोच फोटो स्वीकारला गेला.’ सोबत पडद्याचा स्क्रीनशॉट. शेवटचे वाक्य वाचताच जाणकाराला कळते की दोष फोनचा नाही आणि रेंजचाही नाही.

एका अर्जात एकच दोष लिहावा, हेही तितकेच आवश्यक. एकाच कागदावर अपलोड, सातबाऱ्यावरचे नाव, अनुदान आणि पाणंद रस्ता एकत्र आले की कागद चार टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलावर थांबत नाही. एकाच प्रकारची तक्रार वीस जणांनी केली तर त्या वीस तक्रारी जोडून ठेवायच्या असतात, त्यातल्या एकोणीस फेकायच्या नसतात. एका शिवारातल्या शेजारच्या आठ-दहा गटांत तोच संदेश येत असेल तर तो नकाशाकडे बोट दाखवतो. तक्रारी सुट्या सुट्या बंद केल्या तर हा धागा तुटतो.

सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करण्याचा मार्ग मात्र पूर्ण वेगळा आहे आणि तो वेगळाच राहायला हवा. हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवताना क्षेत्रे, नावे, हिस्से यांत चुका राहिल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झाले आणि संगणकातले उतारे गावासमोर वाचून दाखवून चुका विचारण्यात आल्या. दोष शोधण्याची याहून लोकशाही पद्धत आम्हाला तरी माहीत नाही. मोहीम म्हणून एकदा करून ती थांबवू नये, दरवर्षी ठरावीक दिवशी व्हावी, असे आमचे मत आहे. त्यानंतरही राहिलेल्या लेखनातील चुका महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होतात. त्यासाठी संबंधितांना नोटीस निघते, म्हणणे ऐकले जाते, आदेश होतो. याला वेळ लागतो आणि लोक चिडतात. पण ॲपमधला दोष एका रात्रीत दुरुस्त करता येतो, तसे अधिकार अभिलेखात करता येत नाही. माझ्या उताऱ्यावर पाच गुंठे वाढले तर ते बहुधा कुणाच्या तरी उताऱ्यावरून कमी होतात. त्या माणसाला न विचारता केलेली झटपट दुरुस्ती म्हणजे नवा वाद. मालकीचा खरा तंटा तर या कलमात बसतच नाही. त्याची जागा अपिलात किंवा दिवाणी न्यायालयात आहे. म्हणूनच ज्याची चूक सातबाऱ्यात आहे, त्याला ‘ॲपची तक्रार करा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. तो दोन हंगाम चुकीच्या दारात उभा राहतो.

आता तक्रार घेणाऱ्यांकडे वळू. मोझिला प्रकल्पाने १९९८ मध्ये ‘बगझिला’ ही दोषांची नोंदवही सर्वांसाठी खुली केली. तिथे प्रत्येक तक्रार बंद करताना कारण निवडावे लागते : दुरुस्त केली, आधीच्या तक्रारीसारखीच आहे, आमच्याकडे तसे घडत नाही, हा दोषच नाही किंवा दुरुस्त करणार नाही. शेवटचे उत्तर कटू आहे, पण ते उघड लिहिलेले असते आणि त्यावर वाद घालता येतो. आपल्या कार्यालयांत या पाचही शेवटांसाठी ‘निकाली’ हा एकच शब्द वापरला जातो. काम झाले तरी निकाली, कागद दुसरीकडे पाठवला तरी निकाली, नाकारले तरी निकाली. मग निकाली तक्रारींचा आकडा वाढतो आणि माणूस तिथेच राहतो.

मागणीची अवस्था त्याहून बिकट आहे. गाऱ्हाण्यासाठी दारे आहेत. आपले सरकार पोर्टल आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. पण लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच घेतली जाते. ‘लांब पट्ट्याच्या गटांना मध्यबिंदूऐवजी पूर्ण हद्द लावा’ ही कुणा एकाची तक्रार नाही, ती साऱ्या नदीकाठाची सूचना आहे. तिने जायचे कुठे? आमच्या मते ग्रामसभेत. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात. पाच-सहा गावांनी एकाच मागणीचे ठराव गट क्रमांकांसह केले, तर ती एका त्रासलेल्या माणसाची कुरकुर राहत नाही.

प्रत्येक मागणी मान्य व्हावी, असे आमचे म्हणणे नाही. ‘फोटो कुठूनही काढू द्या’ ही मागणी नाकारलीच पाहिजे. तशी मुभा दिली तर खोट्या नोंदी वाढतील आणि पुराच्या भरपाईत खऱ्या शेतकऱ्याचाच वाटा कमी होईल. मात्र नकारासोबत हे कारण दोन ओळींत लिहून द्यावे. कारण कळलेला नकार लोक पचवतात. उत्तरच न येणे त्यांना पचत नाही, आणि त्याचा राग तलाठ्यावर निघतो. त्याच्या हातात ना ॲपची चावी असते, ना नकाशाची.

शासनाकडे आमची मागणी मोजकी आहे. नवी आवृत्ती ऐन हंगामात आणू नये. ती आणण्याआधी कुरुंदवाड-राजापूर पट्ट्यातल्या एखाद्या पूरगावात, साध्या फोनवर, उंच उसात उभे राहून तपासावी. काय बदलले याची यादी मराठीत द्यावी. शिरोळच्या तहसील कार्यालयाने माहीत असलेल्या दोषांचा आणि आलेल्या मागण्यांचा तक्ता, प्रत्येकापुढे सद्यस्थिती लिहून, दर आठवड्याला गावोगावच्या चावडीवर लावावा. याला नवा निधी लागत नाही. आणि शेतकरी बांधवांना एवढीच विनंती : पुढच्या वेळी पडद्यावर संदेश आला की तो पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, गट क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा आणि मगच तलाठ्याला फोन करा.